हसण्याची धास्ती

माझ्या ताईच्या घरात शिरायचं तर तिच्या पार्लरमधूनच जावं लागतं. लग्नानंतर काही वर्षांनी तिनं पुढची खोली रिकामी केली आणि केस कापायचं काम सुरू केलं. दोन फिरत्या खुर्च्या, भिंतभर आरसा, मान मागे टाकून बसायचं केस धुण्याचं बेसिन. मागच्या दोन खोल्यांत संसार. भावोजी इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करतात. मुळात कमी बोलणारा माणूस, त्यात दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत एकट्यानं काम. मी बेकरीची गाडी चालवतो. सकाळचं वाटप संपलं की ताईकडे चहाला थांबायचं आणि मग घरी जायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम.

ठकू त्यांची एकुलती एक. शाळेतलं नाव वेगळं आहे, पण घरात ते कुणी वापरत नाही. लहान असताना ती बेसिनजवळच्या स्टुलावर पाय हलवत बसायची आणि आलेल्या प्रत्येक बाईबद्दल मत द्यायची. "या काकूंना पुढे केस नको काढूस, कपाळ आधीच एवढंसं आहे." ताई डोळे वटारायची, काकू हसायच्या, आणि कापून झाल्यावर कळायचं की पोरीचं बरोबर होतं. पुढे ताईनं तिच्या हातात कात्री दिली तेव्हा सरावाला डोकं माझं होतं. पहिल्या खेपेला बेकरीत सगळ्यांनी विचारलं, उंदरांनी कुरतडलं का म्हणून. वर्षभरात मात्र तेच लोक विचारायला लागले, कुठे कापतोस रे केस?

नववीत गेली आणि पोरगी हळूहळू विझत गेली. आधी शाळेतून आली की दप्तर टाकून आडवी व्हायची. मग सकाळी उठेनाशी झाली. जेवायला बोलावलं तर येऊन बसायची, पण ताटातलं इकडचं तिकडे करत राहायची. अंघोळ टाळायला लागली. वेणीचा गुंता झाला तो सुटेना. बाहेर आई बायकांचे केस विंचरतेय आणि आत तिच्याच मुलीच्या डोक्यावर जटा चढलेल्या. एकदा मी चहाला गेलो तेव्हा ताई तिच्या पलंगावर बसली होती, ठकूचं डोकं मांडीवर घेऊन बोटांनी एकेक केस सोडवत होती. ठकू भिंतीकडे बघत होती. दुखत असणारच, पण हूं की चूं नाही.

"काय होतंय ते सांग ना मला," ताई म्हणाली.

"काहीच होत नाहीये," ठकू म्हणाली. "तेच तर."

आम्हाला तेव्हा ते उत्तर कळलं नाही. वय आहे, अभ्यासाचं ओझं आहे, कुणा मुलाचं काही असेल, असे आम्ही आमच्या परीनं अंदाज बांधत राहिलो. नेहमीच्या डॉक्टरांनी आधी रक्त वाढायचं औषध दिलं, मग उदासीवरची एक गोळी दिली. काही आठवड्यांनी एका सकाळी मी गेलो तर ठकू अंघोळ करून, केस धुऊन स्वयंपाकघरात उभी. माझ्यासाठी चहा तिनंच केला होता. ताई मागे उभी राहून पदरानं डोळे पुसत होती आणि भावोजींच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. त्या दिवशी ताईनं शेजारीपाजारी पेढे वाटले. आपली ठकू परत आली, असं ती ज्याला त्याला सांगत होती.

पुढचे काही दिवस घरात नुसता उजेड होता. ठकू गात होती, नकला करत होती, मागे पडलेला अभ्यास झपाट्यानं उरकत होती. शाळेतून निरोप आला की मुलगी वर्गात खूपच बोलते, तर तोही आम्हाला कौतुकासारखा वाटला. मग ती झोपेनाशी झाली. ताई उठून बघायची तर ही पार्लरमध्ये आरशासमोर कागद पसरून बसलेली. तिला केस कापायची शाळा काढायची होती. एक नाही, गावोगावी. बोलायला लागली की एका वाक्याच्या पोटातून दुसरं वाक्य निघायचं आणि पहिलं तसंच लोंबकळत राहायचं. मध्येच कुणी थांबवलं की चिडायची. एकदा तिनं पार्लरची एक भिंत नारिंगी रंगानं रंगवून टाकली, अर्धीच. उरलेल्या अर्ध्या भिंतीचं काय, विचारल्यावर म्हणाली, "तुम्हा लोकांचा विचार फार लहान आहे मामा."

मला हसू आलं होतं. ताईला आलं नाही. "हिचे डोळे बघ," ती मला हळूच म्हणाली. "कुठे ठरतच नाहीत."

एका रविवारी सकाळी ताईच्या दारात बायकांची ही गर्दी. ठकूनं आईच्या फोनवरून झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावलं होतं, सगळ्यांना एकाच वेळी आणि फुकट. ताई भांबावून माफी मागत सुटली. ठकू मात्र दोन्ही खुर्च्यांमध्ये नाचल्यासारखी फिरत होती, या बाईचा हात धर, त्या बाईची हनुवटी उचल. बायकांनाही सुरुवातीला मजा वाटली. तेवढ्यात तिनं शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना खुर्चीत बसवलं. बाईंचे केस कमरेपर्यंत. त्या फक्त टोकं सारखी करायला आल्या होत्या, दोन बोटं फार तर. ताई दारातल्या बायकांशी बोलत होती. मागून कात्रीचा आवाज आला आणि वळून बघते तो बाईंचा केसांचा अख्खा शेपटा ठकूच्या मुठीत.

"आता बघा," ठकू म्हणत होती, "आता तुमची मान दिसतेय. इतकी वर्षं लपवून ठेवली होती तुम्ही."

बाई ओरडल्या नाहीत. आरशात बघून मानेवर हात ठेवला आणि रडायला लागल्या. ताईनं कात्री काढून घ्यायला हात पुढे केला, तर ठकूनं ती आरशावर भिरकावली आणि अनवाणी रस्त्यावर निघून गेली.

ताईचा फोन आला तेव्हा मी गाडीतच होतो. चौकात पोचलो तर ठकू गाड्यांच्या मधोमध उभी. थांबलेल्या गाड्यांच्या काचा ठोठावून आतल्या लोकांना सांगत होती, तुम्हाला भांग डावीकडे शोभेल, तुम्ही दाढी काढा. लोक हॉर्न मारत होते. एकजण मोबाइलवर तिचं चित्रीकरण करत होता. मला बघून ती धावत आली, गळ्यात पडली. "मामा, बरं झालं आलास. चल, खूप कामं आहेत." मी तिला गाडीत बसवलं. घराकडे वळत नाहीये हे कळेपर्यंत ती बडबडत, हसत होती. मग कळलं. वाटेत मी भावोजींना गाडीत घेतलं होतं, ते तिच्या शेजारी बसले होते. तिनं त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्यांनी हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हातानं तिला छातीशी धरून ठेवलं. आरशात मला दिसत होतं, त्यांचे ओठ हलत होते. लहानपणी ती लिफ्टमध्ये घाबरली की ते मजल्यांचे आकडे मोजून दाखवायचे, तसे ते मजले मोजत होते.

ताई रिक्षानं आमच्या मागोमाग दवाखान्यात पोचली. तिथल्या मनोविकाराच्या वॉर्डला दोन दारं होती. पहिलं बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं. आत जाताना ठकूनं मागे वळून ताईकडे बघितलं. "आई, तू मला इथे ठेवणार?" ती एकदम शांत आवाजात म्हणाली. दार लागलं.

डॉक्टरीणबाई आमच्याच वयाच्या होत्या. त्यांनी आम्हा तिघांना बसवून घेतलं आणि घाई न करता विचारत गेल्या. आधीची उदासी, मग ही भरती, झोप, बोलणं, खर्चिक बेत. घराण्यात कुणाला असं काही होतं का, असं विचारल्यावर भावोजी म्हणाले, "माझी आत्या. पण तिला नुसतंच तापट म्हणायचे."

"याला बायपोलर म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मन कधी खोल जातं, कधी नको इतकं वर जातं. कुणाच्या चुकीनं होत नाही. तुमच्या वाढवण्यात काही कमी पडलं म्हणून नाही, तिनं काही केलं म्हणूनही नाही."

"ती गोळी आधी दिली होती, तिच्यामुळे झालं का?" ताईनं विचारलं.

"तिनं हातभार लावला असेल. पण तेव्हा एकच बाजू दिसत होती. दुसरी दिसल्याशिवाय ओळखणं अवघड असतं."

"बरी होईल ना?"

"ताब्यात राहू शकतं. औषधं दीर्घकाळ घ्यावी लागतील, कदाचित कायम. पुष्कळ लोक त्यावर चांगलं आयुष्य जगतात." बाईंचं सगळं बोलणं सरळ होतं, त्यात खोटा धीर नव्हता. तरी बाहेर आल्यावर ताई मला म्हणाली, "त्या 'बरी होईल' म्हणाल्या नाहीत. ऐकलंस ना तू?"

भेटायच्या वेळेला आम्ही रोज जायचो. झोपेच्या आणि शांत करणाऱ्या औषधांनी ठकूची जीभ जड झाली होती. ताई तिचे हात हातात घेऊन बसायची. भावोजींना कुठे बघावं ते कळायचं नाही. भिंतीपलीकडून दवाखान्याच्या लिफ्टचा आवाज यायचा, ते तो ऐकत राहायचे. एकदा जाता जाता तिथल्या माणसाला म्हणाले, "ब्रेक घासतोय तुमचा, बघून घ्या." लिफ्ट दुसऱ्या दिवशी नीट झाली. त्यांनी ते मला दोनदा सांगितलं. तेवढी एकच गोष्ट त्या महिन्यात तिथे त्यांच्यामुळे दुरुस्त झाली होती.

ठकू घरी आली ती लिथियम हे मन स्थिर ठेवणारं औषध घेऊन. सकाळ-संध्याकाळ गोळी, ठरलेल्या दिवशी रक्ताची तपासणी. पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम कमी-जास्त करायचं नाही, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच कळवायचं, झोपेची वेळ चुकवायची नाही. ताईनं सगळं तोंडपाठ केलं. औषधानं काम केलं, हे खरं. पोरगी जमिनीवर आली. पण जमिनीवर आलेली ठकू आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीची नव्हती. अंग सुटलं, चेहऱ्यावर फोड आले, सारखी तहान. आणि हात थरथरायला लागले. फार नाही. पेला धरला तर पाणी हलायचं, इतपतच. दुसऱ्या कुणाचं त्यामुळे अडलं नसतं.

एक दिवस तिनं माझे केस कापायला घेतले. मी मुद्दाम हट्ट धरला होता. कानामागे कात्री टेकली आणि थांबली. आरशात मी तिचा चेहरा बघत होतो. तिनं दोनदा श्वास घेतला, पुन्हा कात्री उघडली, पुन्हा मिटली.

"राहू दे," ती म्हणाली. "कान जाईल तुझा."

"गेला तर गेला. दोन आहेत."

ती हसली नाही. कात्री खाली ठेवून आत गेली आणि पुढचं ताईनं पूर्ण केलं.

शाळेत त्या चौकातलं चित्रीकरण सगळ्यांनी बघितलं होतं. मुली तिच्याशी वाईट वागत नव्हत्या, उलट फारच जपून वागत होत्या, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. घरातही वेगळं काय होतं? ठकू जोरात हसली की ताईचे हात थांबायचे. भावोजी पेपरातून वर बघायचे. मीसुद्धा तिच्या डोळ्यांकडे बघायचो, ठरतायत की नाही. एकदा टीव्हीवर काहीतरी बघून ती खळखळून हसत होती आणि अचानक आम्हा तिघांच्या नजरा तिच्या ध्यानात आल्या.

"मी फक्त हसतेय," ती म्हणाली. "विनोद होता."

"हो ग, आम्ही कुठे काय म्हणालो?" ताई म्हणाली.

"म्हणायला कशाला हवं?" तिनं टीव्ही बंद केला. मग आमच्यापैकी कुणाकडेच न बघता तिनं विचारलं, "त्या दिवसांत मी जी होते, ती मी नव्हते का? मला तर आयुष्यात पहिल्यांदा सगळं नीट दिसत होतं. मग खरी कोण? ती, की पलंगावर पडलेली, की ही गोळ्या खाणारी?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी भावोजींकडे. भावोजी म्हणाले, "आम्हाला तिन्ही चालतील." मला वाटतं, त्यांच्या तोंडून याहून चांगलं काही कधी निघालं नसेल. पण पोरीचा प्रश्न तो नव्हता.

पुढच्या तपासणीत रक्तातलं लिथियम फारच कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी ठकूला सरळ विचारलं आणि तिनंही सरळ सांगितलं, बरेच दिवस घेत नाहीये. आपण रोज डोळ्यांसमोर गोळी देतो, ही ताईची समजूत. ठकू ती जिभेखाली धरायची आणि नंतर बेसिनमध्ये टाकायची.

"हात परत हवे होते मला," ती म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. थरथर कमी करता येते, मात्रा बदलून बघू, त्यासाठी वेगळी गोळीही असते, पण मला सांगायला हवं होतंस, एवढंच म्हणाल्या. औषध पुन्हा सुरू झालं, पण अंगात भिनायला वेळ लागतो आणि आजार तोवर थांबून राहिला नाही. या खेपेला मन वर गेलं नाही, खाली गेलं. पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी खाली. ठकू बोलेनाशी झाली. ताई पार्लरमध्ये काम करता करता दर थोड्या वेळानं आत डोकावायची, खुर्चीतल्या बाईचे अर्धवट ओले केस तसेच सोडून. गिऱ्हाइकं समजून घ्यायची. काही समजून घ्यायची नाहीत आणि पुन्हा यायची नाहीत.

एका दुपारी मी तिथेच होतो. पार्लरमध्ये कुणी नव्हतं, ताई ब्रश धूत होती. ठकू आतून आली, भिंतीला धरून, जशी म्हातारी माणसं चालतात. दारात उभी राहिली.

"आई, कात्र्या आणि वस्तरे कुठेतरी ठेव. मला सापडणार नाहीत असे."

ताईच्या हातातून ब्रश पडला. मला वाटलं ती रडेल, ओरडेल. तिनं तसं काही केलं नाही. ओले हात तसेच पुढे करून ठकूला जवळ घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. ठेवते हं. आत्ता ठेवते." तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून तिनं मान हलवली. मी एकेक खण उघडून सगळं काढलं आणि भावोजींच्या लोखंडी पेटीत भरलं. इतकी वर्षं त्या घरात जातोय, पण धारेच्या एवढ्या वस्तू तिथे असतात हे मला तोवर जाणवलं नव्हतं. पेटी मी माझ्या गाडीत ठेवली, डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आम्ही निघालो. या वेळी ठकू स्वतःच्या पायांनी त्या दोन दारांतून आत गेली. तिनं मागे वळून बघितलं नाही.

ताईनं पार्लर बंद ठेवलं. येणाऱ्यांना तब्येत बरी नाही म्हणून सांगायची, कुणाची ते सांगायची नाही. दिवसभर ती आरशासमोरच्या खुर्चीत बसून असायची. "ताप असता तर पट्ट्या ठेवल्या असत्या," ती मला म्हणाली. "हाड मोडलं असतं तर उचलून नेलं असतं. आता मी काय करू ते सांग. तू सांग ना मला." मी बिस्किटांचा पुडा तिच्यासमोर ठेवला. तिनं एक बिस्कीट उचललं आणि हातात धरून बसून राहिली.

ठकूला दुसऱ्यांदा घरी यायला जास्त वेळ लागला. औषधांची जोडी बदलली होती. लिथियम कमी करून सोबत दुसरी गोळी, आणि आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंशी बोलणं. त्या बोलण्यात आम्हालाही अधूनमधून बोलावत. तिथेच एकदा ठकू म्हणाली की घरात सगळे तिच्याकडे गॅसवर ठेवलेल्या दुधासारखं बघतात. समुपदेशक बाईंनी विचारलं, मग त्यांनी काय करावं असं तुला वाटतं? ठकू म्हणाली, "माहीत नाही. ते नाही बघितलं तरी मला भीती वाटेल."

आता तिला सोळा वर्षं पूर्ण झाली. वर्ष वाया गेलं, त्यामुळे वर्गात सगळे तिच्याहून लहान. पार्लर पुन्हा सुरू आहे. शाळेतून आली की ती बायकांचे केस धुऊन देते, तेल लावून डोकं चोळून देते. काही बायका तेवढ्यासाठी येतात. चित्रकलेच्या बाई एकदा आल्या होत्या. ठकूनं त्यांची माफी मागितली, त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला, पण केस मात्र ताईकडूनच कापून घेतले. तिला महिना महिना बरं जातं. मग एखादा आठवडा येतो, ती जेवताना ताटातलं इकडचं तिकडे करायला लागते आणि ताई मला फोन करून नुसतीच "येतोस का?" म्हणते. गोळ्या ती आता स्वतः मोजून घेते. डॉक्टरीणबाई म्हणतात, गाडी रुळावर आहे. किती दिवस राहील, हे त्या सांगत नाहीत आणि आम्हीही विचारायचं सोडून दिलंय.

परवा तिची वार्षिक परीक्षा सुरू झाली. सोडायला मी गेलो होतो. गाडीत ताज्या पावाचा वास होता आणि ती मांडीवर पुस्तक ठेवून बसली होती, ते मिटलेलंच. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मामा, कसं वाटतंय ते आज विचारू नकोस. सकाळपासून तिघांनी विचारलंय."

"तिघं कोण?"

"आई, बाबा आणि पुन्हा आई."

मी बरं म्हणालो. मग लक्षात आलं की ते सोडून तिच्याशी काय बोलायचं हे मी विसरूनच गेलोय. पुढे गाड्यांची लांब रांग लागली होती. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो, ती काचेतून बाहेर बघत राहिली. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, आणि आम्ही होतो तिथेच होतो.